दगा नानांचं सीलिंग

सुरतेच्या उधन्यात दगा नानांना सगळे ओळखत, कारण त्यांचं बोलणं तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू येई. पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरचा काही बोलतच नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. घर त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर एक मोठी खोली, तिच्यावर उतरते पत्रे. पत्र्यांखाली त्यांनी पीव्हीसीचं सीलिंग ठोकून घेतलं होतं, मधोमध पिसारा फुलवलेला मोर. आता उन्हाचा बापसुद्धा खाली उतरणार नाही, असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं.

उन्हाचा बाप उतरला, आणि मुक्कामालाच राहिला.

वरच्या खोलीत त्यांची सून जयश्री साड्यांवर खडे चिकटवायची. सासू सरलाबाई शेजारी बसून घड्या घालायची. एप्रिल लागला की गमवर खडा ठेवायच्या आत साय धरे, आणि घडी घालताना खडे टपटप गळत. एका संध्याकाळी ओट्यावर गार वारा सुटला होता, तरी वर मात्र भट्टी होती. जयश्री स्टुलावर चढली, सीलिंगची एक पट्टी सरकवून तिने हात आत घातला आणि लगेच बाहेर काढला.

"आई, वर तवा तापलाय," ती म्हणाली.

नाना खाली चहा पीत होते. त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"उन्हाळाम्हा गरमच व्हस," ते म्हणाले आणि बशीत दुसरा घोट ओतला.

नवरा योगेंद्र कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून आला की बायकोची बाजू घेई, पण अगदी हळू आवाजात, म्हणजे नानांना ऐकू येणार नाही एवढ्याच. त्यामुळे जयश्रीने काशिनाथला बोलावलं. काशिनाथ जालन्याकडचा, पत्र्यांची आणि वेल्डिंगची कामं करणारा. त्याने पट्टी सरकवून मोबाइलचा उजेड आत मारला.

"ताई, हे सीलिंग नाही, झाकण आहे," तो म्हणाला. "वर दोन फूट हवा कोंडलीय. ती दिवसभर शिजते आणि संध्याकाळी तुम्हाला वाढते."

त्याने उपाय सांगितला. दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत समोरासमोर जाळ्या बसवायच्या, म्हणजे कोंडलेली हवा वाहती होईल. सीलिंगच्या पाठीवर फॉइलचा फोम अंथरायचा, चकचकीत बाजू पत्र्याकडे. जाळ्यांना आतून झडपा हव्यातच, कारण वादळात वारा आत शिरला तर पत्रे खालून उचलतो.

"पण आधी हे बघा," तो म्हणाला आणि उजेड लोखंडी अँगलवर धरला. "पत्रा अँगलला धरून ठेवणारे हुक एकाआड एक आहेत. निम्मे बसवलेच नाहीत. बाकी सगळा भार वर ठेवलेल्या दगडांवर."

सरलाबाई पत्र्यांकडे बघत राहिली. "बारा वरीस मी दगडसना खाले निजनू," ती म्हणाली.

नानांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे काशिनाथचे ओठ हलताना पाहिले, आणि नकार दिला. एक जाळी नैऋत्येला येत होती. नैऋत्य बंद पाहिजे असं त्यांनी मोबाइलवर एका भगव्या माणसाकडून ऐकलं होतं. हुकांबद्दल एवढंच म्हणाले, "घर मी बांधेल शे."

मग पुतण्याच्या लग्नाला ते पाच दिवस खानदेशात पारोळ्याला गेले. त्यांची गाडी उधन्याहून सुटली तेव्हा काशिनाथची शिडी भिंतीला लागलेली होती. पाच दिवसांत जाळ्या, झडपा, फोम आणि राहिलेले सगळे हुक बसले.

परत आल्यावर नानांनी आधी बाहेरून घराला फेरी मारली. नैऋत्येचं भोक पाहिलं. मग भांडायच्या तयारीने जिना चढून वर आले, आणि नीट भांडता यावं म्हणून आधी जरा टेकले. दुपारची वेळ होती. तीन तासांनी सरलाबाई चहा घेऊन वर गेली तेव्हा ते तोंड उघडं टाकून घोरत होते.

"झोपलो नव्हतो," ते उठून म्हणाले. "विचार करत होतो."

"ऐकलं ना," सरलाबाई म्हणाली. "गल्लीभर ऐकू आला विचार."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर वावाझोडूच्या बातम्या सुरू झाल्या. समुद्रातलं वादळ गुजरातकडे सरकत होतं. नानांना कंठ फुटला. समोरचा बळीराम, म्हणजे त्यांचा खात्यातला जुना जोडीदार, सल्ला विचारायला आला. नानांनी त्याच्या पत्र्यांवर सहा जुने टायर आणि बांधकामाचे दगड चढवून घेतले. काशिनाथ रस्त्यावरून जाताना थांबला आणि म्हणाला, "दगड वाऱ्याला धरत नाहीत, नाना. वारा दगड धरतो." नानांना ते ऐकू आलं नाही.

वादळ धडकायच्या दिवशी सकाळी योगेंद्र मिलमध्येच अडकला. जयश्री खालच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधत होती. झडपा लावायचं काम तिने नानांना सांगितलं. नानांनी घरातली शिडी वर नेली आणि एक लावली. दुसरी, समुद्राकडची, उघडीच ठेवली. घराला श्वास पाहिजे असं हेच लोक दोन महिने सांगत होते.

दुपारी बाराच्या सुमारास वारा एकदम चढला. वर काहीतरी फुगल्यासारखा आवाज झाला. तिघं धावत वर गेली. सीलिंग पोटासारखं खाली आलं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मधल्या पट्ट्या सुटल्या. मोर पिसाऱ्यासकट नानांच्या डोक्यावर पडला. वर पत्रे थडथडत होते, पण हुकांनी धरलेले होते.

"झडप, नाना, झडप," जयश्री त्यांच्या कानाशी म्हणाली.

या वेळी त्यांना ऐकू आलं. ते शिडीवर चढले. जयश्रीने खालून शिडी धरली आणि सरलाबाईने जयश्रीला. नानांचं डोकं त्या पोकळीत गेलं, पावसाचं पाणी तोंडावर सपासप बसत होतं. झडप दोनदा त्यांच्या हातातून सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती खांद्याने दाबली आणि कडी घातली. पत्र्यांची थडथड बसली. नाना तसेच शिडीवर उभे राहिले, आणि समोरच्या अँगलवरच्या हुकांवरून त्यांनी बोट फिरवलं, एकेकावरून.

तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. बळीरामच्या घराचे अर्धे पत्रे दगडांसकट उडाले होते. एक टायर गल्लीतून गडगडत गेला आणि विजेच्या खांबाला टेकून थांबला. बळीराम आणि त्याची बायको कलाबाई पलंगाखाली होती, म्हणून वाचली. नाना भिजत जाऊन त्यांना घेऊन आले. कलाबाईच्या हातात फक्त गव्हाच्या पिठाचा डबा होता. तिने तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

चार दिवस योगेंद्रसकट सहा माणसं वरच्या खोलीत झोपली. सल्ला कोणाचा होता हे दोन्ही मित्रांना माहीत होतं, आणि नाना त्या चार दिवसांत इतके गप्प होते की गल्लीतल्या दोन बायका तब्येतीची चौकशी करून गेल्या.

पाचव्या दिवशी काशिनाथ बळीरामच्या भिंतींवर नवे अँगल बसवू लागला. नाना शिडी धरून उभे होते. बळीरामने सवयीने त्यांना विचारलं, "हुक किती लागतील रे, दगा?"

नानांनी कपाळाचा घाम पुसला.

"मना घरले मी निम्मेच लावेल व्हतात," ते म्हणाले, आणि नेहमीसारखंच मोठ्यांदा म्हणाले, म्हणजे तिन्ही गल्ल्यांना कळलं. "माले काय समजत नही. तिले इचार."

जयश्री समोर आपल्या दारात खडे निवडत बसली होती. तिने परात बाजूला सारली, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून शिडीपाशी आली.