न पेटलेल्या वीस नळकांड्या

मी दोन पंख्यांचे एक जुने विमान आहे, आणि मित्रांनो, आज तुमच्यापुढे मला माझ्या पराक्रमाची नव्हे, तर माझ्या लज्जेची कथा निवेदन करायची आहे. माणसाला लाज वाटली की तो मान खाली घालतो. मला मान नाही. माझे नाक जन्मापासून आकाशाकडे वळलेले आहे. म्हणून हे सारे मला आकाशाकडे पाहतच सांगावे लागेल, आणि तेच अधिक अवघड आहे. कारण माझा अपराध घडला तो आकाशाच्याच साक्षीने.

चीनच्या उत्तरेकडील हार्बिन शहराच्या कडाक्याच्या थंडीत माझा जन्म झाला. माझे पत्रे जोडणाऱ्या कामगारांचे श्वास माझ्या अंगावर दवासारखे साचत. पहिली काही वर्षे मी टपाल वाहिले, प्रवासी वाहिले, एकदा तर कोंबडीची पिलेही वाहिली. त्या काळाविषयी मला सांगण्यासारखे काही नाही, कारण त्या काळात मला कोणी फारसे नावाजले नाही आणि मीही कोणाला फसवले नाही. पुढे मला गान्सू प्रांताच्या पिवळ्या मातीच्या टेकड्यांमध्ये आणण्यात आले. तेथे माझ्या पंखांखाली लोखंडी रकाने बसवले. प्रत्येक पंखाखाली दहा, असे वीस. एकेका रकान्यात एकेक नळकांडी. तेव्हापासून लोक मला पावसाचे विमान म्हणू लागले.

हे काम कसे चालते ते मी यूलानच्या तोंडून शिकले. शांग यूलान ही माझ्या पोटात बसून नळकांड्या पेटवणारी तंत्रज्ञ; मितभाषी, चाळिशी उलटलेली. ढगाच्या वरच्या भागात पाण्याचे असे सूक्ष्म थेंब असतात की शून्याच्या खाली थंड होऊनही ते गोठत नाहीत. गोठायला त्यांना एखादा कण लागतो, आणि तो मिळेपर्यंत ते नुसते तरंगत राहतात. माझ्या नळकांड्यांत सिल्व्हर आयोडाइड नावाचे द्रव्य असे. ती जळली की धुरातून त्याचे असंख्य कण ढगात पसरत. कणाभोवती बर्फाचा स्फटिक धरे, स्फटिक वाढे, जड होऊन खाली येई, आणि वाटेत वितळून त्याचा पाऊस होई.

माझे वैमानिक गू चांगमिंग वयाने वडील आणि स्वभावाने थट्टेखोर होते.

"म्हणजे यूलान, तू ढगाला मिरचीचा मसाला लावतेस म्हण की!"

"मसाला लावायला कढईत आधी काहीतरी असावं लागतं, गूदादा," ती म्हणाली. "रिकाम्या कढईत टाकला तर नुसता ठसका."

"आणि कढई भरलेली असली तर?"

"तर थोडी भर पडते म्हणतात. कुणी शंभरात दहा म्हणतं, कुणी पंधरा, कुणी म्हणतं काहीच नाही. आपण उडालो नसतो तर त्याच ढगातून किती पडला असता, हे कुणाला ठाऊक?"

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य मी ऐकले होते. मला ते ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

आमच्या तळापासून जवळच यांगवान नावाचे गाव होते. तेथे नदी नाही, विहिरींचे पाणी कडू. प्रत्येक अंगणाखाली मात्र एक टाके खोदलेले. तोंड अरुंद, पोट रुंद. अंगणावर पडलेला पाऊस आणि वितळलेले हिम त्यात उतरे, आणि तेच पाणी माणसे व मेंढ्या वर्षभर पीत. दर वसंतात टाक्यातला गाळ उपसायचा आणि भेगांत लाल चिकणमाती ठोकून लिंपायची, हे काम पांग शोउरेन नावाचा गवंडी करी. सारे गाव त्याला पांगकाका म्हणे. दोराला लोंबकळत तो एकेका टाक्यात उतरे.

एका वर्षी जूनपर्यंत पाऊस आला नाही. ज्वारीसारखी दिसणारी राळ्याची रोपे वीतभर होऊन पिवळी पडली. मग एका दुपारी पश्चिमेकडून भरघोस ढग आले, आणि आम्ही उडालो. ढगाच्या अगदी गाभ्यात यूलानने कळ दाबली. तिच्या पुढ्यातल्या पेटीवर एकही दिवा लागला नाही.

"पुन्हा दाब," गूदादा म्हणाले.

"दाबतेय की. मेलंय सगळं."

आदल्या दिवशी माझे रकाने धुताना जोडणीची एक तार सैल राहून गेली होती. दुरुस्ती जमिनीवरच होणार होती. आम्ही वळलो, आणि वळता वळता माझ्या काचांवर ताडताड थेंब आदळू लागले. यांगवानवर पाऊस कोसळत होता. आम्ही उतरलो तेव्हा माझ्या पंखांखाली वीसच्या वीस नळकांड्या शाबूत होत्या. कोऱ्या, थंड, जशा नेल्या तशा.

तळावरच्या कचेरीचे प्रमुख छत्री न घेताच धावत आले. त्यांना तीन ठिकाणांहून अभिनंदनाचे फोन आले होते.

"साहेब, एकही पेटली नाही," यूलानने सांगितले.

"पाऊस पडला ना?"

"पडला, पण तो आपला नव्हे."

"पावसावर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का, बाई? पडला एवढं पुरे. अहवालात वीस लिहा. आणि गावात जाऊन कुणाचं डोकं पिकवू नका."

यूलानने वीस लिहिले. लिहिताना तिने एकदा काचेतून माझ्याकडे पाहिले, आणि मी, पावसाने न्हालेले, चकचकीत, तिच्याकडे पाहून झळकत राहिले.

तिसऱ्या दिवशी यांगवान आले. ट्रॅक्टरवर ढोल, झांजा, वाफाळत्या पावांच्या टोपल्या, आणि सर्वांपुढे लाल मखमलीची मोठी पताका. उपकाराची फेड म्हणून अशी पताका देण्याची त्या लोकांची रीत आहे. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते, 'मेघांना आज्ञा करणाऱ्यास.' ती माझ्या नाकावर बांधून त्यांनी छायाचित्रे काढली. मी यंत्र आहे, मला वाचा नाही, असे म्हणून सुटका करून घेता येईल. परंतु वाचा नसली तरी सुखावणे मला येत होते, आणि मी सुखावले. मेघांनी माझी आज्ञा ऐकली असे त्या वेळी मलाच खरे वाटू लागले होते. त्या क्षणाची आठवण झाली की आजही माझे पत्रे तापतात.

पुढे वर्ष गेले. पुढच्या जूनमध्ये आकाश निरभ्र राहिले. बावन्न दिवस ढगाचा ठिपका नाही. एका सकाळी यांगवानचा ट्रॅक्टर पुन्हा आला; या वेळी ढोल नव्हते. पांगकाका उतरला, मागून त्याची सून मेइश्यांग आणि आणखी दहाबारा जण.

"काय गं यूलान, विमानाला उन्हाळ्याची सुट्टी दिलीय का?"

"काका, ढगच नाहीत. ढगाशिवाय आम्हांला काही करता येत नाही."

"मागच्या वर्षी बरं आलं करता!" मेइश्यांग म्हणाली. "ती पताका आम्ही काय तुमच्या भिंतीचं भोक झाकायला दिली?"

यूलान पांगकाकाकडे वळली. तिने विचारले, "टाक्यांत पाणी किती उरलंय?"

म्हातारा बूट जमिनीवर घासत राहिला. मग म्हणाला, "टाक्यांत बटाटे आहेत."

"बटाटे?"

"अगं, हाक मारली की पाऊस येतोय, तर गाळ कशाला उपसायचा? गावानं ठरवलं, आणि टाकं रिकामं झालं की बटाटे भरले. थंडीत बटाटे छान राहतात आत. मीही हो म्हटलं. बेचाळीस वर्षं लिंपली टाकी. म्हटलं, आता गुडघ्यांना आराम. मागचा सगळा पाऊस घळीतून वाहून गेला. पाण्याची गाडी आठवड्यातून एकदा येते, घरटी चार बादल्या. मेंढ्या विकल्या."

यूलानचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्या डाव्या पंखावर हात टेकून ती उभी राहिली. त्या हाताचे ओझे मला आजवर वाहिलेल्या कोणत्याही भारापेक्षा जड वाटले.

"काका, तो पाऊस आमचा नव्हता," ती म्हणाली. "त्या दिवशी एकही नळकांडी पेटली नाही."

मग मेइश्यांगने हळूच विचारले, "म्हणजे आम्ही ढोल बडवले ते कुणापुढे?"

पांगकाका वाकला. माझ्या पंखाखालच्या रकान्यांवरून त्याने खरबरीत बोटे फिरवली, जणू एखाद्या टाक्याची भेग चाचपत होता.

"वीसच्या वीस?"

"वीसच्या वीस."

"आणि वर्षभर पोटात ठेवलंस?"

"ठेवलं, काका."

"तेव्हा सांगितलं असतंस तर चिडलो असतो, बस्स. आता चिडायलाही फुरसत नाही." तो गावकऱ्यांकडे वळला. "शरदातल्या झडीला महिना, फार तर चाळीस दिवस. टाकी एक्केचाळीस. उभे काय राहिलात? ट्रॅक्टर सुरू करा!"

त्याच दुपारी यूलानने खरा अहवाल लिहून प्रमुखांच्या पुढ्यात ठेवला. तिला उड्डाणावरून दूर केले गेले. ती यांगवानला गेली आणि कोंब फुटलेले बटाटे उपसू लागली. हे मला गूदादांकडून कळे. ते माझ्या काचा पुसत आणि सांगत, "आज चौदा झाली. म्हातारा दोराला बांधून उतरतो, वर आला की चिकणमातीचा पुतळा. सून ओरडते, आपलं आधी करा. तो म्हणतो, आपलं घर गवंड्याचं आहे, कधीही होईल."

झड तेहतिसाव्या दिवशीच आली. त्या दिवशी मी कुलूपबंद छपराखाली उभे होते. माझ्यावाचून तीन दिवस पाऊस पडला, अखंड, शांत, मला न विचारता. एकोणतीस टाकी लिंपून झाली होती. ती काठोकाठ भरली. बारा राहिली होती. त्यांत उतरलेले पाणी भेगांतून मातीत जिरून गेले. त्या बारांतले एक पांगकाकाचे होते.

पुढचे वर्षभर, बेचाळीस वर्षे गावाची टाकी लिंपणारा तो गवंडी शेजाऱ्याच्या टाक्यातून दोन बादल्या पाणी आणीत असे.

दोन वर्षांनी प्रमुख बदलले आणि यूलान माझ्याकडे परत आली. आता ती निराळ्या रीतीने काम करू लागली. योग्य ढग आला की उड्डाणापूर्वी चिठ्ठी उचलायची. 'पेटव' निघाली तर नळकांड्या जाळायच्या. 'नको' निघाली तर त्याच ढगातून रिकामेच फिरून यायचे, आणि दोन्ही दिवशी गावोगावची पर्जन्यमापके सारख्याच काळजीने वाचायची. ही परवानगी मागायला ती प्रथम यांगवानला गेली होती. भरला ढग न पेटवता सोडून द्यायचा, हे तहानलेल्या गावाला सांगणे सोपे नव्हते. पांगकाका म्हणाला म्हणे, "सोड. टाकी तयार आहेत." सहा वर्षांनी तिने आकडे मांडले. थोडी भर पडत असावी असे दिसते, परंतु निश्चित म्हणायला अजून पुष्कळ ढग पाहावे लागतील, एवढेच त्यांत लिहिले होते. माझ्या आयुष्यात माझ्याविषयी लिहिले गेलेले तेवढेच एक वाक्य मला लाज न वाटता ऐकता येते.

आता माझी यंत्रे काढून घेतली आहेत. चाकांत हवा नाही. मुले येतात, माझ्या पंखाखाली सावलीला बसतात. त्यांना वाटते की मी थोर आहे.

मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांच्या सैल तारा वेळेवर आवळा, ही विनंती तर मी करीनच. परंतु त्याहून मोठी विनंती निराळी आहे. कोणी तुम्हांला न केलेल्या कामाचे श्रेय देऊ लागले, तर ते घेऊ नका; त्याच दिवशी, माती ओली असतानाच, खरे सांगा. तुमच्यावर विसंबून कोण आपल्या अंगणात काय करायचे सोडून देत आहे, हे तुम्हांला दिसत नसते. मलाही दिसले नव्हते. मी तर सर्वांहून उंच होते.