दोन इंच

रविवारी चर्च सुटलं की व्हर्नन लेकीकडे नाश्त्याला येतात, हे रिपन गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. तरी शेजारीण त्यांना दारात सोडून गेली तेव्हा लोर्नानं आधी गॅरेजकडे बघितलं. गॅरेजचं दार उघडं राहिलं होतं, आणि आत ट्रायम्फ उभी होती.

एकाहत्तर सालची मोटरसायकल. व्हर्नननी तरुणपणी नवी कोरी घेतलेली, आणि अजून तिचा एकेक बोल्ट मूळचा. मोटरसायकल क्लबातल्या कुणी आपल्या जुन्या गाडीत काही बदल केला की ते त्याला खाटीक म्हणत, तेही तोंडावर. गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर पेट्रोल पंपावर थांबताना त्यांचा पाय जमिनीला टेकलाच नाही, आणि ते गाडीसकट आडवे झाले. हाडं शाबूत राहिली. पण डॉक्टरांनी मोजून सांगितलं की मणके बसल्यामुळे त्यांची उंची दोन इंचांनी घटली आहे. जन्मभर स्वतःला उंच समजत आलेल्या माणसाला हे पडण्यापेक्षा जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी चावी लोर्नाच्या हातात ठेवली.

"आता तुझी. चालव, पाड, घासटून आण. फक्त कापाकापी करू नकोस."

"नाही करणार, डॅड," ती म्हणाली होती, आणि तेव्हा ते खरंच होतं.

लोर्ना उंचीला आईवर गेलेली, पाच फुटांच्या जेमतेम वर. त्या सीटवर बसली की तिची पावलं शाळेतल्या बाकावरच्या पोरीसारखी लोंबायची. बर्फ वितळल्यावर दोनदा चौकात पडता पडता वाचली, आणि मग मुकाट्यानं गाडी ड्वाइटच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली.

"व्हर्नला विचारलंस ना?" ड्वाइटनं विचारलं.

"विचारलं की."

"मग काय म्हणाला?"

"हसला."

"व्हर्न हसला," ड्वाइट स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं पाना उचलला.

त्यानं मागचे शॉकअब्सॉर्बर काढून आखूड बसवले, पुढची बाजूही तेवढीच खाली घेतली. काल संध्याकाळी पिकअपमधून गाडी आणून मधल्या स्टँडवर उभी करून गेला. लोर्ना अजून तिच्यावर बसलीसुद्धा नव्हती. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. त्यांना धड दिसायला लागण्याआधी हे उरकून घ्यायचं, असं तिनं चक्क ठरवून केलं होतं. खोटं बोलल्यापेक्षाही तिला ह्याची जास्त लाज वाटत होती.

"कॉफी ओतलीय, डॅड. गार होईल."

"होऊ दे. म्हातारीला भेटू दे आधी."

गॅरेजात शिरून त्यांनी टाकीवरून हात फिरवला, आणि लोर्ना काही म्हणायच्या आत गाडी पुढे ढकलून मधल्या स्टँडवरून उतरवली. दारासमोरच्या मोकळ्या जागेत आणली. मग हँडल घट्ट धरून, कण्हत कुंथत, उजवा पाय पलीकडे टाकला आणि बसले.

दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट.

व्हर्नननी टाचा उचलून पुन्हा टेकवल्या. मग परत.

"लोर्ना! बघितलंस? अगं, बघ ना!"

"बघतेय, डॅड."

"तो बार गं! दांडीला लोंबकळतो म्हणून हसत होतीस ना मला? माकड म्हणत होतीस! बघ आता माकडाचे पाय कुठं पोचलेत!"

ज्येष्ठांच्या केंद्रात एक आडवी दांडी होती. पाठ ताणली की मणके सुटतात, असं तिथल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि हिवाळाभर ते रोज सकाळी तिथं जाऊन लोंबकळत. डॉक्टर नको म्हणाले होते.

सांगायचं तर आत्ताच, हे लोर्नाला कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ह्या माणसानं थंडीपासून नीट मान वर केली नव्हती, क्लबात जायचं सोडलं होतं, आणि आज तो सीटवर बसून लहान पोरासारखा उड्या मारत होता.

"जरा कडक वाटतेय गं."

"हिवाळाभर उभी होती ना," लोर्ना म्हणाली. हे आणखी एक खोटं.

"डोळ्यांचं झालं की हिला तळ्यापर्यंत घेऊन जाणार. घाबरू नकोस, परत देईन! आणि त्या डॉक्टरला फोन लावून दे मला. म्हणावं, तुझी मोजपट्टी टाक कचऱ्यात." ते खदखदून हसले. "तुझी आई असती तर म्हणाली असती, झालं, आता हा पुन्हा घरात टिकत नाही."

लोर्नाही हसली.

शेवटी ते उतरले. पायानं बाजूचं स्टँड खाली ढकललं आणि नेहमीच्या सवयीनं गाडी आपल्याकडे कलती सोडली. पण गाडी कललीच नाही. स्टँडवर ताठ उभी राहिली, डुगडुगली, आणि पलीकडे झोकांडी खाऊ लागली. व्हर्नननी हँडल खेचून धरलं. लोर्ना धावत दुसऱ्या बाजूला गेली आणि तिनं टाकीला दोन्ही हात लावले.

ते खाली स्टँडकडे बघत होते. दिसत नव्हतं, पण बघायची गरजही नव्हती. एका हातानं मागचा शॉकअब्सॉर्बर चाचपत त्यांची बोटं वरून खालपर्यंत गेली.

"गाडी खाली घेतली, आणि स्टँड कापायला विसरला," ते हळू म्हणाले. "ड्वाइट?"

"हो."

"किती?"

"दोन इंच."

"दोन इंच," ते म्हणाले. "म्हणजे मी आहे तेवढाच आहे."

"डॅड, मी सांगणारच होते. देवाशपथ. कधीची सांगणार होते."

"कापलीस त्याचं काही नाही गं. रागावलो असतो, आठवडाभर बोललो नसतो. गाडी तुझीच आहे." त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "पण मी तिथं बसून बडबडत होतो, लोर्ना. आणि तू ऐकत होतीस."

गाडीच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती. गाडीला वळसा घालून तिला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण हात सोडला असता तर गाडी पडली असती.