माझा घासून गेलेला नंबर

मी रायफल बोलतेय. पण आधी तुम्ही कोण ते सांगा. माझा पत्ता कुणी दिला? नाही सांगायचं? बरं, राहू द्या. शंभरी ओलांडल्यावर संशयाची खोड लागते, वाईट वाटून घेऊ नका.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात, १९१७ साली. नळीच्या मुळाशी मुकुट कोरला, त्याखाली साल, त्याखाली नंबर. बोटीने आले, निजामाच्या फौजेत भरती झाले, तिथं उर्दू अक्षरांचा आणखी एक शिक्का बसला. लढाई मी फारशी पाहिली नाही. खांद्यावर मिरवण्यात आणि तेल पिण्यातच दिवस गेले. निजामी संपली तेव्हा आम्हा सगळ्यांना ढिगाने एका कोठीत टाकलं. पुढे हदगाव तालुक्यातल्या एका पोलीस पाटलाने सरकारी परवान्यावर मला घरी आणलं. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा शेषेराव माझा धनी झाला.

शेषेराव भला माणूस. सोयाबीनमध्ये रानडुकरं शिरली की हवेत एक बार काढायचा, तोही डोळे गच्च मिटून. निवडणूक लागली की मला गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करायचा आणि निकालानंतर परत आणायचा. त्याची बायको सिंधू खंडेनवमीला मला हळदकुंकू लावायची. घरी पाहुणे आले की हटकून मला हातात घ्यायचे. माणसाची एक सवय मी पाहून ठेवलीय. तो आधी एक डोळा मिटून कुणावर तरी नेम धरतो आणि मग विचारतो, "रिकामी हाय ना?"

दीड वर्षापूर्वी शेषेराव झोपेतच गेला. तेरावं झालं आणि सिंधूने मला ज्वारीच्या कोठीमागे उभं केलं. परवाना होता शेषेरावच्या नावाचा. धनी गेला की घरच्यांनी बंदूक ठाण्यात नेऊन द्यायची असते. पण हे तिला सांगणार कोण? विचारायला गेलं तर आपल्यालाच धरतील, या भीतीने ती बिचारी गप्प बसली. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली की ती दाराला कडी घालायची.

मग सत्यम आला. लातूरचा, पस्तिशीतला, कडक इस्त्रीचा. गावोगाव फिरून जुने पितळी हंडे, कंदील, घड्याळं विकत घ्यायचा. आल्या आल्या "मावशी" म्हणून सिंधूच्या पाया पडला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पितळेसाठी आलेला माणूस हंड्याकडे बघेना, कोठीमागे मान लांब करून बघू लागला.

"पाटलाचं घर हे, मावशी. एखादी जुनी बंदूक असंल की."

सिंधूचा चेहरा उतरला. त्याला तेवढं पुरलं.

त्याने मला उजेडात नेलं. मुकुट दिसला, उर्दू शिक्का दिसला, तसा त्याचा श्वास अडकला. मला तो ऐकू आला हो, माझं तोंड त्याच्या छातीशीच होतं. बोलला मात्र भलतंच. "नुसती नळी राहिली. भंगारवाला किलोवर बी घेणार न्हाई." असं म्हणत त्याने फोनवर माझे सात-आठ फोटो काढले. जुन्या लष्करी रायफली कवडीमोलाने शोधत फिरणाऱ्या शौकिनांचा त्याचा एक ग्रुप होता, त्यावर ते गेले.

"मावशी, कागद मेलेल्या माणसाच्या नावावर हाय. झेडपीचं इलेक्शन लागून राहिलंय. ठाण्यात बंदुकांची यादी निघती आन जमादार दारात येतो. मंग तुम्हाला कोण सोडवणार? आठ हजार देतो, भिंतीवर शोभेला लावायला गुपचूप नेतो. सोमवारी येतो. कुणाला बोलू नका."

भिंतीवर लावायचीय म्हणे मला! मग निघताना "काडतुसं बी हायत का?" हे कशाला विचारलंस, मेल्या? मला परत कोठीमागे ठेवलं होतं, तिथून मी ओरडत होते. पण आमचं कोण ऐकतं?

आता सिंधूने काय केलं ते ऐका. आमच्याकडे बैल बाजारात न्यायचा तर आदल्या दिवशी त्याला धुतात, शिंगं घासून रंगवतात. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून. रविवारी दुपारी तिने मला ओट्यावर आडवं घातलं आणि काचपेपर घेतला. अगं बाई, नको! मुकुट गेला. साल गेलं. उर्दू शिक्का गेला आणि नंबरही गेला. वर कोठीला लावून उरलेला चंदेरी रंग तिने दोन हात मारला. वाळल्यावर लांब उभी राहून बघत म्हणाली, "कशी नवी दिसती!" मला रडावं की हसावं कळेना.

सोमवारी सत्यम गिटारची पिशवी घेऊन आला. मला पाहिलं आणि मटकन खालीच बसला. "काय केलं हे! पाच लाखाचा माल..." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"पाच लाख?" सिंधू म्हणाली.

आता त्याचं 'मावशी' संपलं. "नंबर घासलेली बंदूक म्हणजे चोरीची, कळतं का? सरळ जेल. आता फुकट द्या, मी गायब करतो तिला."

 सिंधूने मला उचलून त्याच्यापुढे धरलंसुद्धा. संपलं सगळं, मी म्हटलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने मला मागे ओढलं. "उद्या ये. मला इचार करू दे."

तो गेल्यावर तिने चांदपाशाला फोन लावला. चांदपाशा म्हणजे नांदेडचा परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाला. शेषेराव दर वर्षी मला त्याच्याकडे साफसफाईला न्यायचा. त्याचा तर मला सगळ्यात जास्त संशय. कधी घासाघीस न करणारा माणूस नक्की काहीतरी लपवत असणार, असा माझा हिशेब. पहाटेच्या एसटीने आला आणि पहिलं वाक्य बोलला, "भाभी, दरवाजा लावून घ्या."

झालं! हाही त्यातलाच.

त्याने पिशवीतून पेचकस काढला आणि माझं लाकूड उतरवायला घेतलं. सुटे भाग विकणार मला, चोर कुठला! मी मनातल्या मनात शिव्या घालत राहिले. लाकूड निघालं. त्याने नळीवरचं जुनं तेल बोटाने पुसलं, चष्मा कपाळावर सारला आणि सिंधूला जवळ बोलावलं.

"हे बघा भाभी. लाकडाखाली पण नंबर असतो. बनवणाऱ्याचा माणसांवर भरवसा नव्हता. परवाना आणा, मिळवून बघू."

नंबर जुळला. सिंधू खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आणि मला, खरं सांगते, स्वतःची फार लाज वाटली. एवढी वर्षं मी या माणसाला चोर समजत होते.

त्याने ठाण्यात फोन करून, हत्यार घेऊन येतोय असं आधी सांगितलं, मगच मला बाहेर काढलं. तिथल्या जमादार रेणुका मॅडमनी नंबर तपासला, सिंधूला चांगलं झापलं, सत्यमचा फोन नंबर लिहून घेतला आणि चहा मागवला.

"दीड वर्ष काय झोपला होता, मावशी?"

"भ्याले होते बाई."

"बरं. वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा, का कायमची जमा?"

कायमची जमा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्यासारख्यांना शेवटी भट्टीत घालतात. मी सिंधूकडे बघत होते. अर्ज कर म्हण, सिंधू. चाळीस वर्षं एका घरात राहिलोय आपण.

"कायमची," ती म्हणाली. "लई झालं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? पण तिने अंगठा न लावता स्वतःची सही केली, पावती घडी करून पोलक्यात ठेवली आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. दारात पोलिसांची गाडी उभी होती. ती तिच्या बाजूने, न बिचकता, चांदपाशाशी बोलत निघून गेली. माझा राग तिथंच निवला.

आता मी ठाण्याच्या कोठीत आहे, चंदेरी रंगात. शेजारच्या तलवारी हसतात, हसोत. तुम्ही कोण ते अजून सांगितलं नाहीत, तरी एक काम सांगते. मला भट्टीत घालायची तारीख ठरली, तर सिंधूला कळवू नका. ती यायची. उगीच एकटीने एसटीने यायची, आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी गोड बोलणारा येऊन बसायचा.