अगदी तसंच

पहिला घोट घेतला आणि लाँड्रीबाईंनी चमचा वाडग्यात तसाच ठेवून दिला.

“काय झालं वहिनी, काटा लागला?” नणंदेनं विचारलं.

“नाही.”

“मग खारट झालं असेल. आमच्या सूनबाईचा हात मिठाला जरा सैलच आहे.”

“नाही हो ताई. गरम आहे जरा,” बाई म्हणाल्या आणि उगाचच फुंकर घातली.

सार गरम नव्हतं. वाढून झाल्यावर नणंदेनं प्रवासाची इत्थंभूत चौकशी केली होती, त्यात ते चांगलं कोमट झालं होतं. बाईंना ठसका लागला नव्हता, पोळलं नव्हतं, काही म्हणता काही झालं नव्हतं. फक्त तोंडात अशी एक चव आली होती, जी त्यांनी जन्मात चाखली नव्हती. आणि घोळ असा होता, की हेच धुराचं सार त्या लग्नापासून दर रविवारी स्वतःच्या हातानं करत आल्या होत्या.

लाँड्रीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, जिथं चादरी आणि गाऊन धुऊन निघतात, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली, आणि तिथंच हे नाव चिकटलं. नवरा त्याच इस्पितळात लिफ्ट दुरुस्त करायचा. तो दूरच्या तळ्याकाठचा, बाई शहरातच जन्मलेल्या. दोघांची ओळख झाली तीसुद्धा बंद पडलेल्या लिफ्टमध्ये. बाई आत अडकलेल्या, सोबत चादरींची ढकलगाडी. त्यानं वरचं झाकण उघडून डोकं आत घातलं आणि म्हणाला, “घाबरू नका, मी आलोय.” बाई म्हणाल्या, “घाबरतंय कोण? चादरी चुरगळतायत.” इस्पितळानं हा किस्सा दोघं निवृत्त होईपर्यंत पुरवून पुरवून वापरला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा आजारी पडला. तोंडाला चव नाही, काही जात नाही. तापात त्यानं घरच्या धुराच्या साराचं नाव काढलं. तळ्यातला मासा चुलीवर धुरात टांगून ठेवायचा, रानातली आंबट फळं वाळवून घ्यायची, भरडलेलं धान्य घालून मंद शिजवायचं. शहरात ना तळं, ना रान, ना चूल. पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. बाजारातला बर्फातला मासा आणला, आंबट फळांच्या जागी टोमॅटो आणि लिंबू घातलं, आणि धुरासाठी पातेल्यात वाटी ठेवून, वाटीत पेटता कोळसा ठेवून, वर तेलाचे दोन थेंब सोडून झाकण लावलं. घरभर धूर झाला, शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली.

नवऱ्यानं वाडगा दोन्ही हातांत धरला. एक चमचा घेतला. मग मान खाली घातली, अंगठ्यानं वाडग्याची कड सावकाश पुसून काढली, आणि म्हणाला, “अगदी तसंच.”

“अजून वाढू?”

त्यानं वाडगा पुढे केला.

तेव्हापासून तो रविवारचा नेमच होऊन बसला. दर रविवारी सार, दर रविवारी खाली घातलेली मान, कडेवरून फिरणारा अंगठा आणि “अगदी तसंच”. बाईंना वाटे, याला घर आठवतं, गहिवरून येतं, म्हणून मान वर करत नाही. बोलका नव्हताच तो. बाईंचा मात्र साराबद्दलचा तोरा काय वर्णावा. इस्पितळाच्या सहलीला त्यांचंच सार असे, आणि कुणी नाक मुरडलं तर त्या म्हणत, “तुम्हाला कळायचं नाही, त्या भागातल्या माणसाला विचारा.”

आणि एकदा खरोखरच त्या भागातली एक मुलगी आली. शिकाऊ नर्स, नवऱ्याच्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाची. घराच्या आठवणीनं सुकून गेली होती बिचारी. बाईंनी मोठ्या हौसेनं तिला जेवायला बोलावलं. मुलीनं दोन चमचे घेतले आणि तिचे डोळे भरून आले. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “काका, हे...” नवरा तिच्याकडे रोखून बघत म्हणाला, “खा बेटा. अगदी तसंच आहे.” मुलगी मुकाट्यानं खाऊन गेली आणि पुन्हा कधी जेवायला आली नाही. बाई पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होत्या, “पोरीला रडू फुटलं हो, घरची चव लागली म्हणून.”

आता नणंदेच्या घरात, वाडगा पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईंना ती मुलगी आठवली, आणि त्यांचे कान तापले.

त्यांनी दुसरा चमचा घेतला. आधी धूर लागत होता, पण घशात जाणारा नव्हे. आजीच्या गोधडीला येतो तसा जुना, मायेचा धूर. आंबटपणा लगेच येतच नव्हता. मासा विरघळून गेल्यावर, आता संपलं म्हणावं तेव्हा तो जिभेच्या कडांना हळूच यायचा. आणि त्याच्याही मागून गोडवा, तो किती वेळ गेला तरी उतरत नव्हता. बाईंनी मान वर केली. स्वयंपाकघराचं छप्पर पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुरानं काळं कुळकुळीत झालं होतं, आणि तुळईला ओळीनं मासे टांगले होते. एवढं सगळं लागत होतं एका वाडग्याला. आणि आपण वाटीतल्या कोळशावर दोन थेंब तेल सोडत होतो.

“वहिनी, तुम्हाला काही हे विशेष वाटायचं नाही,” नणंद म्हणाली. गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून ती चुलीशेजारी बाकावर पाय पसरून बसली होती. धाकट्या भावाला शेवटचं बघायलाही तिला शहरात येता आलं नव्हतं. म्हणूनच तिनं निरोपावर निरोप धाडून वहिनीला बोलावून घेतलं होतं. “धाकटा फोनवर नेहमी सांगायचा, ताई, हिच्या हातचं सार आईच्या हातच्यापेक्षा कणभर सरसच. आई असताना म्हणायचा नाही हं, तेवढी अक्कल होती त्याला.”

सून हसली. बाईंना हसू येईना.

“बाबा गेले तेव्हा आला होता ना तो,” नणंद पुढं म्हणाली, “तर तुम्ही बसलाय तिथंच बसला होता. वाडग्यावर वाडगे रिचवले. बाबांसाठी रडतोय की साराला रडतोय, आम्हाला कळेना. मी निघताना चांगले मोठे मासे बांधून दिले. वाळलेलेच ते, महिना महिना टिकतात. हा दारातून परत आला आणि पुडकं त्या फळीवर ठेवून गेला. म्हटलं, अरे ने की. तर म्हणतो, नको ताई, तिथं घरी तिचं सार असतं.”

बाईंनी फळीकडे पाहिलं. साधी लाकडी फळी, वर मिठाची बरणी आणि एक चाळणी. त्या फळीवरून त्यांची नजर हलेना.

“आता उद्या दुपारी तुम्ही करायचं,” नणंदेनं जाहीर करून टाकलं. “शेजारच्या दोघी वाट बघून आहेत. धाकट्याच्या बायकोच्या हातचं एकदा खाऊ द्या आम्हाला. मी काय, आज आहे उद्या नाही.”

“ताई, प्रवासानं अंग मोडून आलंय हो.”

“म्हणून तर उद्या म्हटलं.”

जेवण झाल्यावर बाई हात धुवायचं निमित्त करून तळ्यावर गेल्या. एवढं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. पाणी होतं, आणि मग आभाळ होतं. बाई एका दगडावर बसल्या.

पहिल्यांदा आला तो राग. लबाड मेला. उभ्या संसारात एकदा म्हणाला असता, जरा आंबट कमी घाल, तर काय आभाळ कोसळणार होतं? अख्ख्या इस्पितळापुढं माझं हसं केलंस. त्या पोरीला रडवलंस. मग त्यांना वाटलं, हसं कुठं झालं? कुणाला कळलंच नाही. त्यानं कळूच दिलं नाही. मासे हातात असताना दारातून मागं फिरला, कारण ते मासे घरी आले असते तर पहिल्याच वाफेला आपल्याला कळलं असतं. दोघांच्या रजा कधी जुळल्या नाहीत, म्हणून आपलं इकडे येणं झालं नाही, असं बाई सगळ्यांना सांगत आल्या होत्या. लाँड्रीला सुट्टी नसते हे खरंच होतं. पण आता त्याही रजांची त्यांना शंका यायला लागली.

एवढी चव सोडून हा माणूस शहरात राहिला, आणि दर रविवारी टोमॅटोच्या पाण्याला मान खाली घालून दाद देत राहिला. तोंड वाकडं केलं नाही, अर्धं ताटात टाकलं नाही, एवढंच कशाला, दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय उठला नाही. ज्याला आपण साधाभोळा, बोलायचं कळत नाही असा समजत होतो, त्यानं हे एकट्यानं पेललं, कुणाला चाहूलसुद्धा लागू न देता. बाई त्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना आपल्या नवऱ्याचा धाक वाटला. जिवंत असताना कधी वाटला नव्हता. मग त्या पोटभर रडल्या, तोंड धुतलं आणि वर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं तुळईचे दोन मासे उतरवून, फळं भिजत घालून सगळी तयारी मांडून ठेवली. बाईंना मोह झाला नाही असं नाही. जरा इकडून तिकडून विचारत केलं असतं, तर निभावून गेलं असतं. मासाच इतका चांगला होता, की बाईंची अब्रू त्यानंच राखली असती. सगळे म्हणाले असते, वा, धाकटा खोटं बोलत नव्हता.

पण मग त्यानं दर रविवारी काय खाल्लं, हे या घरात कुणालाच कधी कळलं नसतं. त्याच्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

“हे ठेव वर,” बाई म्हणाल्या. “ताजा मासा आहे का? आणि टोमॅटो, लिंबू?”

“टोमॅटो?” सूनबाईनं विचारलं. “सारात?”

“सारात. आणि चुलीतला एक कोळसा काढून दे, वाटीत.”

“कोळसा कशाला हो मामी?”

“धुरासाठी.”

सूनबाईनं वर काळ्या छपराकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, मग सासूकडे. सासू म्हणाली, “दे ना त्या मागतात ते. शहाणपण नको.” सूनबाईनं कोळसा दिला आणि तोंडाला पदर लावून मागच्या दारी निघून गेली. तिचं हसणं आत ऐकू येत होतं.

बाईंनी हात आखडता घेतला नाही. लिंबू पिळायचं तेवढंच पिळलं, तेलाचे दोनच थेंब सोडले, झाकण घट्ट दाबून धरलं. इस्पितळात सर्वांत वरच्या डॉक्टरांचा पांढरा कोट जसा त्या स्वतः इस्त्री करत, तसं त्यांनी ते सार केलं, कुठं सुरकुती राहू दिली नाही. कोळशाचा तोच उग्र वास आला आणि घटकाभर त्यांना आपल्याच स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं वाटलं. दुपारी शेजारच्या दोघी आल्या. बाईंनी सगळ्यांना वाढलं आणि हात पुसत चुलीपाशी उभ्या राहिल्या. त्या कुणाची नजर चुकवत नव्हत्या.

शेजारणींनी एकेक चमचा घेतला आणि एकमेकींकडे पाहिलं. सूनबाईनं घोट गिळला आणि चटकन पाण्याचा पेला उचलला.

नणंदेनं वाडगा दोन्ही हातांत धरला होता. तिनं एक चमचा घेतला. थांबली. पुन्हा एक घेतला, तोंडात घोळवला, आणि फळीकडे पाहिलं, जिथं मिठाची बरणी आणि चाळणी होती. बराच वेळ ती तिकडे बघत होती.

मग तिनं मान खाली घातली. सुरकुतलेल्या अंगठ्यानं वाडग्याची कड सावकाश पुसून काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“अगदी तसंच,” ती म्हणाली.

सूनबाईनं पेला खाली ठेवला. बाईंच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं, पण हातातली पळी त्यांनी खाली ठेवली नाही.

“अजून वाढू?” त्यांनी विचारलं.

नणंदेनं वाडगा पुढे केला.