घुर्रप्पा आणि ओली वाटी

मी एक जुना नेब्युलायझर आहे. मित्रांनो, नाव अवघड वाटलं तरी लाजू नका. सोलापुरातल्या आमच्या चाळीत ते कुणालाच धड म्हणता येत नाही. सगळे मला ‘वाफेचं मशीन’ म्हणतात आणि मला राग येतो, कारण मी वाफ करतच नाही. माझ्या पोटात एक छोटा पंप आहे. तो नळीतून जोरात हवा ढकलतो. त्या हवेनं वाटीतल्या पातळ औषधाचं धुकं होतं आणि ते मास्कमधून थेट छातीत उतरतं. काम करताना मी घुर्रर्र असा आवाज करतो, म्हणून घरातल्या छोट्या संघप्रियानं माझं नाव घुर्रप्पा ठेवलं. ते मात्र मला मनापासून आवडतं.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते औषधाच्या दुकानातलं फडताळ. तिथे माझ्या शेजारी एक वजनकाटा होता आणि तो स्वतःला फार मोठा समजायचा. सात वर्षांपूर्वी एके दिवशी हरिदास नावाचा एक माणूस आला. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून त्यानं मला घेतलं आणि घरी येईपर्यंत पोटाशी धरून ठेवलं. वजनकाट्याला असं कुणी कधी धरलं नसेल!

हरिदास टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. त्याची बायको शालन घरी बसून टॉवेलच्या कडा शिवते. संघप्रिया ही त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा चार वर्षांची होती. शालन तिचा पापा घ्यायची तेव्हा ओठांना मीठ लागायचं. तो खारट घाम आणि कायमचा खोकला पाहून डॉक्टरांना शंका आली, तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस. हा आजार जन्मापासून असतो आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. यात छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, बाहेर पडत नाही आणि जंतूंना राहायला आयती जागा मिळते.

माझं काम तो कफ पातळ करायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी थांबलो की हरिदास लेकीला मांडीवर पालथं घ्यायचा आणि सुटलेला कफ बाहेर यावा म्हणून तळहाताची खोलगट वाटी करून तिची पाठ थोपटायचा. दिवसभर माग ऐकलेला माणूस तो, त्याचं थोपटणंही मागाच्याच तालात चालायचं. संघप्रिया त्या तालावर बडबडगीतं म्हणायची. शेजारची मायाक्का दारात उभी राहून म्हणायची, “हरिदास, पोरगीच्या पाठीवर किती टॉवेल विणलं रं आज?”

माझेही लाड व्हायचे. घरात सुताची पिंजर, म्हणजे बारीक तंतू, उडते. ती माझ्या हवेच्या जाळीत शिरू नये म्हणून शालननं मला फुलाफुलांचा झगा शिवला. औषधाच्या वाटीचे तर विचारूच नका. वापर झाला की शालन ती पिंपातल्या पाण्यानं विसळायची, लगेच नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळायची आणि स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावायची. पिंजरीचा एक धागासुद्धा आत जाऊ नये! आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पिण्याचं ताजं पाणी हंड्यात आणि मागचं शिळं पाणी पिंपात, वापरायला. वाटी काही प्यायची वस्तू नव्हे, म्हणून ती वापरायच्या पाण्यात गेली. शालनच्या हिशेबात यात काहीच चूक नव्हती, आणि खरं सांगतो, मलाही त्यात चूक दिसली नाही. उलट मी मिरवायचो.

संघप्रिया अकरा वर्षांची झाली. शाळेच्या लेझीम पथकात तिची निवड झाली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हे पथक पहिल्या रांगेत खेळणार होतं. घरात दुसरा विषयच नव्हता. पण त्याच वर्षी तिचा खोकला वाढला. चार पावलं खेळली की ती कठड्यावर टेकायची. दर तीन महिन्यांनी तिचा कफ तपासायला जायचा. आधीच्या रिपोर्टवर कधी या जंतूचं नाव असायचं, कधी त्या. आता तीन वेळा एकच नाव आलं, स्युडोमोनास. प्रत्येक वेळी औषध दिलं, तो गेला, आणि पुन्हा आला. औषधांनी तिचं पोट बिघडलं, भूक मेली. आवडती शेंगाचटणीसुद्धा तिनं ताटात तशीच ठेवली, तेव्हा शालन स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तर घुर्र करायचीही लाज वाटू लागली.

डॉक्टर अंकिता मॅडमनी फोनवर सांगितलं, “येताना मशीन घेऊन या. वाटी जशी ठेवता, तशीच आणा.”

मी पिशवीत बसून दवाखान्यात गेलो. मॅडमनी संगणकावर दोन रंगीत वर्तुळं दाखवली. संघप्रियाच्या छातीत कोणकोणते जंतू किती आहेत, त्याची ती चित्रं होती. दोन वर्षांपूर्वीचं वर्तुळ रंगीबेरंगी होतं. नव्यात अर्ध्याहून जास्त नुसता हिरवा रंग.

“छातीत जंतू असतातच,” मॅडम म्हणाल्या. “अनेक जातींचे, थोडेथोडे. त्यातले बरेचसे कुणाला त्रास न देता राहतात. हा हिरवा, म्हणजे स्युडोमोनास, दांडगा आहे. तो एकदा मुक्काम ठोकून बसला की स्वतःभोवती चिकट कवच बांधतो. मग औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मरतात ते बाकीचे बिचारे. पोटातल्या चांगल्या जंतूंनाही तोच फटका बसतो, म्हणून हिची भूक गेली. असं वर्षानुवर्षं चाललं, तर शेवटी हा एकटाच उरतो आणि फुप्फुस झिजत जातं.”

हरिदास वर्तुळांकडे बघत राहिला. “म्हंजे मॅडम, नक्षीच्या चादरीतलं एकेक रंगाचं सूत निघून चाललंय म्हणा की.”

“अगदी तसंच. पण अजून चादर विरलेली नाही. तो येतो कुठून, ते मात्र शोधायला हवं.”

शालननं अभिमानानं डबा पुढे केला. मॅडमनी झाकण उघडलं, टॉवेल सोडला. वाटीत पाण्याचे थेंब चमकत होते. मॅडमनी कापसाच्या बोळ्यानं वाटी पुसून नमुना घेतला आणि तपासणीला पाठवला.

चार दिवसांनी निकाल आला. दांडगा माझ्याच वाटीत राहत होता! ओलावा त्याला फार आवडतो. शिळं पाणी, दमट टॉवेल, बंद डबा. आम्ही त्याला घर बांधून दिलं होतं, आणि रोज दोन वेळा मीच त्याला धुक्यावर बसवून संघप्रियाच्या छातीत सोडत होतो.

“म्या माझ्या हातानं केलं की गं हे,” शालन म्हणाली.

हरिदास माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, “हे मशीनच नको घरात! फेकून देतो.”

मित्रांनो, तेव्हा माझा पंप बंद होता, तरी आतून थरथरल्यासारखं झालं. पण संघप्रिया मला कवेत घेऊन उभी राहिली. “पप्पा, घुर्रप्पा कशाला? वाटी वल्ली होती. आन् आईला तरी कुटं म्हाईत होतं? कुणीच सांगितलं न्हवतं की.”

त्या दिवसापासून घरातले नियम बदलले. नवी वाटी आली. वापर झाला की ती साबणानं धुवायची, ताज्या पाण्यात उकळायची, स्वच्छ कागदावर उपडी ठेवायची आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय डब्यात घालायची नाही. शालन शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत घेऊन गेली. अठ्ठावीस दिवस मी दांडग्यावरचं औषध संघप्रियाच्या छातीत पोहोचवलं. वय झालंय माझं, पंप दमतो. पण त्या अठ्ठावीस दिवसांत मी एकदाही अडखळलो नाही. संघप्रिया कॅलेंडरवर रोज फुली मारायची.

मग कफ तपासायला गेला. घरात कुणी नीट जेवेना. रिपोर्ट आला तेव्हा हरिदासनं तो तीनदा वाचला, मग फोनवर मॅडमना वाचून दाखवला. स्युडोमोनास आढळला नाही. छातीतले नेहमीचे, निरुपद्रवी जंतू आढळले.

हरिदास थेट पेढे घेऊन आला. मायाक्कानं विचारलं, “काय निगालं रं रिपोर्टात?”

“जंतू निगालं, मायाक्का! लई जंतू!”

“अरं देवा! आन् पेढं वाटतोस व्हय?”

“नेहमीचं निगालं की! गरीब जंतू! घ्या, तोंड गोड करा!”

मायाक्का पेढा खाऊन गेली, पण या घराला वेड लागलंय असं तिला आजही वाटतं.

मॅडमनी बजावलंय की दांडगा पुन्हा येऊ शकतो, तपासण्या चालूच राहतील. आजार गेलेला नाही. पण चौदा एप्रिलला मी खिडकीपाशी बसलो होतो आणि मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. पहिल्या रांगेत संघप्रिया लेझीम खेळत होती. रांगेच्या कडेनं शालन मीठ घातलेल्या लिंबू सरबताची बाटली घेऊन धावत होती, कारण त्या उन्हात लेकीच्या घामातून पुष्कळ मीठ जातं. संघप्रिया चाळीच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत खेळली आणि एकदाही थांबली नाही. मी मोजत होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला झगे शिवू नका, टॉवेलात गुंडाळू नका. धुवा, उकळा आणि वाळू द्या. माया करण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा.

त्या संध्याकाळी संघप्रिया घामानं निथळत घरी आली आणि मास्क लावून बसली. मी घुर्रर्र केलं. औषध संपल्यावर तिनं स्वतः वाटी धुतली, उकळली, कागदावर उपडी ठेवली. मग पाय दुखत असूनही ती तिथेच बसून राहिली, शेवटचा थेंब वाळेपर्यंत.