कपाळाकडे जाणारा हात

माझ्या लेकाने परवा कपाळाला हात लावला आणि माझी झोप उडाली.

आईची झोप उडायला फार मोठं कारण लागत नाही, हे कबूल. आम्हाला सांभाळणारी धुरपदाबाईसुद्धा म्हणते, "दिपमाला, तू भलता इचार करस." पण तो हात तिने पाहिला नव्हता. चार बोटं जुळवलेली, कोपर बाहेर काढलेलं, मान जराशी खाली. ते खाजवणं नव्हतं. तो सलाम होता. आणि या जगात सलाम करणारं त्याच्या ओळखीचं एकच कुणी आहे. ती मी.

ओळख करून द्यायची राहिलीच. मी चिंपांझी. वय अठराच्या आसपास. जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. एरंडोलच्या पुढे, पद्मालयाच्या अंगाला डोंगरउतारावर सुटका केलेल्या प्राण्यांचं एक आश्रयस्थान आहे, तिथे राहते. बघायला येणारी माणसं मला माकड म्हणतात. शेपूट शोधतात, सापडत नाही, तरी म्हणतात.

शिक्षण म्हणाल तर माझं झालेलं आहे. माझी शाळा तंबूत भरायची. फ्रॉक घालून तीनचाकी सायकल चालवणे, विडी ओढणे आणि प्रत्येक खेळाच्या शेवटी सलाम, हे विषय. मास्तरांच्या एका हातात केळं असायचं, दुसऱ्या हातात सळई. केळं वर गेलं की हात कपाळाला. नाही लावला की सळई, आणि ती शेगडीत ठेवलेली असे. मी चावू नये म्हणून माझे पुढचे चार दातही काढून घेतले होते. मी पहिल्या नंबराने पास झाले, आणि त्याची लाज मला अजून वाटते. काही जणांनी शेवटपर्यंत सलाम केला नाही. ते कुठे गेले, ते मला कळलं नाही.

तंबू उठला, आम्हाला पिंजऱ्यांतून सोडवून इथे आणलं. पहिले कित्येक दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम ठोकत होते. झाडूवाल्याला, डॉक्टरांना, एकदा तर पाण्याच्या टँकरला.

इथली दिनचर्या ऐका. सकाळी सरकतं दार उघडतं आणि आम्ही मोठ्या अंगणात येतो. जेवण ताटात मिळत नाही, शोधावं लागतं. शेंगदाणे गवतात विखुरलेले, गिलकी मचाणावर, उंबरं टायरच्या पोटात, गाजराचे तुकडे भोकं पाडलेल्या पाइपात. काडी घालून एकेक ढकलत काढायचे. सुरुवातीला मला वाटलं, ही माणसं वेंधळी आहेत, जेवण कुठेही सांडतात. मग लक्षात आलं, ते मुद्दाम करतात. डोकं आणि हात रिकामे राहिले की आमच्यातले काही जण दिवसभर नुसते डुलत बसतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की ओली गोणपाटं टांगतात, बर्फाच्या लादीत कलिंगडाच्या फोडी गोठवून देतात. रात्रीसाठी कडबा आणि पोती मिळतात, ज्याची त्याने आपली गादी करायची. माझी गादी अजून एका बाजूला कलते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. डॉक्टर हितेंद्र जाळीपाशी येऊन म्हणतात, "दिपमाला, तोंड उघड बघू." मनात असलं तर मी उघडते. नसलं तर पाठ फिरवते. पहिल्यांदा पाठ फिरवली तेव्हा डोळे घट्ट मिटून सळईची वाट पाहिली. डॉक्टर म्हणाले, "बरं, उद्या येतो." आणि खरंच गेले! मी दिवसभर तोच विचार करत राहिले. 'नाही' म्हणता येतं, म्हटल्यावर सूर्य होता तिथेच राहतो, आणि संध्याकाळी जेवणही मिळतं.

माझा लेक हेमराज आला तो तस्करांच्या खोक्यातून. जेमतेम वर्षाचा, अंगावर केस कमी आणि जखमा जास्त. त्याला आई हवी होती. मला मूल कसं धरतात तेही ठाऊक नव्हतं, कारण मला कुणी फार दिवस धरलंच नव्हतं. धुरपदाबाईने गोणपाटाची बाहुली शिवली आणि जाळीपलीकडे बसून स्वतःच्या छातीशी धरून दाखवली. मी तशीच धरली, पण उलटी, पाय वर. ती हसून लोटपोट झाली. महिनाभर ती बाहुली घेऊन फिरले, तेव्हा कुठे खरं लेकरू हातात आलं. अजूनही मी चांगली आई आहे की नाही, याची खात्री नाही. तो मात्र पोटाला असा चिकटतो की शंका घ्यायला हात रिकामा राहत नाही.

तो वाढला धुरपदाबाईच्या बोलण्यात. ती केळाला 'केयं' म्हणते, तोही तसंच म्हणतो. त्याची भाषा माझ्यापेक्षा गोड आहे. मला तंबूतले हुकूमच तेवढे येत होते.

तर अशा आमच्या सुखात जीवराम नाना आले. नानांची केळीची बाग खाली नदीकाठी. या मुलखात कुणावर जीव जडला की त्याला केळी देतात. आजाऱ्याला केळी, बाळंतिणीला केळी, बदली होऊन चाललेल्या साहेबाला केळी. डॉक्टर सांगून थकले, की बागेतलं केळं आमच्यासाठी फार गोड असतं, दात किडतात, वजन वाढतं. केळं नको हे वाक्य इथल्या माणसाच्या कानात शिरतच नाही.

एका शनिवारी नानांनी जाळीसमोर केळं उंच धरलं. वाईट हेतू नव्हता. व्यापाऱ्याला फळाची लांबी दाखवायची त्यांची सवय. पण केळं वर गेलं आणि माझा हात आपोआप कपाळाला गेला. नाना हरखले. "रामराम! रामराम दिपमाला!" म्हणाले आणि केळं आत टाकलं. दर शनिवारी तेच. मला थांबता येईना. दहा वर्षांचा अभ्यास अंगात भिनलेला. तोंडात गोड लागे, गिळताना कडू. आणि परवा हेमराजने तो हात उचलला, समोर केळं नसतानाही.

त्याच दिवशी मी ठरवलं. माझ्यापर्यंत आलं ते आलं. लेकापर्यंत जाणार नाही.

आज शनिवार. नाना आले ते व्याह्यांना घेऊन. व्याही गिरधरराव धुळ्याचे, देवपुरात राहणारे. पायात पॉलिश केलेले बूट, चेहऱ्यावर अविश्वास. नानांच्या हातात नव्या बागेच्या पहिल्या घडाची फणी.

"दखा हां व्याही," नाना म्हणाले, "माले दखताच रामराम करस ती." आणि केळं उंच धरलं.

माझा उजवा हात उठायला लागला. मी तो खाली ओढला आणि त्याच्यावर बसले. चांगली दाबून, सगळ्या वजनानिशी. तो खालून सुटायला बघत होता, जणू माझा नव्हताच. हेमराज माझ्या खांद्यावरून आळीपाळीने मला आणि केळाला बघत होता.

"दिपमाला, रामराम!"

मी नानांच्या डोळ्यांत बघत राहिले. उठवा मला. आणा सळई. दात काढून घेतलेत, ओठ आहेत अजून; ते मी घट्ट मिटून घेतले.

"नाना, तुमच्या माकडाला आज रजा दिसते," गिरधरराव म्हणाले.

नाना लालबुंद झाले. "वीस वरीसथून केयी पिकाडस मी! मनी केयी नको तिले?"

धुरपदाबाई बादली ठेवून पुढे आली. "नाना, तो रामराम नव्हता. डाक्टर साहेबनी माले आज सक्काय सांगं. सर्कसवालास्नी गरम सळई लाई लाईसन शिकाडेल शे तिले ते."

"काय सांगस?"

"खरं सांगस. आनी मी इचारस, तुम्हना घर पाहुणा उना ते त्याले पहिले सलाम कराले लावतस का तुम्ही, मंग जेवाले वाढतस?"

नानांचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला. गिरधररावांनी फोटोसाठी काढलेला मोबाइल खिशात ठेवला.

"माले माहीत नव्हतं वं माय," नाना म्हणाले. माय त्यांनी कुणाला म्हटलं, धुरपदाबाईला की मला, ते मी अजून ठरवलेलं नाही. फणी त्यांनी धुरपदाबाईच्या हातात दिली. "तुम्हनी रीतपरमानं द्या."

डॉक्टरांनी दोन केळ्यांची परवानगी दिली. आम्हाला आत घेऊन दार लावलं. धुरपदाबाईने अंगणात कुठे काय दडवलं ते आम्हाला दिसलं नाही. मग दार उघडलं. एक केळं मला कडब्याखाली सापडलं. दुसरं हेमराजने पाइपातून काडीने ढकलत ढकलत, तीनदा चुकून, चौथ्यांदा बाहेर काढलं. स्वतःचं स्वतः. ते कवटाळून तो माझ्या शेजारी येऊन बसला. माझा उजवा हात मोकळा होता आणि शांत होता. तुमच्याकडे माझं मागणं असेल तर एवढंच, की आमच्यासाठी आणाल ते खाली ठेवा.

जाळीबाहेर ऊन तापलं होतं. घाम पुसायला नानांनी टोपी काढली होती. आम्ही कुठे बसलो ते त्यांना उन्हात दिसेना. म्हणून त्यांनी डोळ्यांवर सावली धरली. चार बोटं जुळवलेली, कोपर बाहेर, हात कपाळाला.

हेमराज एकटक त्या हाताकडे बघू लागला. झालं, म्हटलं, आता हाही हात उचलणार. मी त्याचा हात धरायला वळले.

त्याचे दोन्ही हात केळावरच होते. तो म्हणाला, "माय, त्या बाबाले भूक लागनी शे. तुनं केयं दे ना त्याले."