ताटाला झालेली कावीळ

"बघा, बघा! विष उतरलं!" कावीळ उतरवणाऱ्या आनंदाबाबाने परात सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. आतलं पाणी पिवळंधम्मक. शीळफाट्याजवळच्या त्या चाळीतल्या गर्दीने भराभर हात जोडले.

मागे उभ्या असलेल्या डॉक्टर सुमेधाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. सरकारी रुग्णालयाची सूत्रं नुकतीच तिच्या हाती आली होती. चाळीत घरोघर कावीळ आणि तिची ओपीडी ओस! म्हणून ती स्वतः बघायला आली, तर रांगेत संचिता नावाची एक पोटुशी पोर. डोळे पिवळेजर्द, मान सारखी कलंडत होती. गरोदरपणात ही कावीळ जिवावर उठते.

"हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या," ती संचिताच्या सासूला, शेवंतीबाईंना, म्हणाली.

शेवंतीबाई उसळल्या. "आलेलो की! एकदा म्हणे डॉक्टर नाय, एकदा म्हणे खिडकी बंद झाली. हा बाबा निदान पोरीच्या डोक्यावर हात तरी ठेवतो!"

सुमेधा तडक बाबापुढे जाऊन बसली.

"बाबा, माझीही उतरवा."

बाबाने तिची पापणी ओढून पाहिली. "भरलीये, ताई! पार हाडात भरलीये!" त्याने वाटीतलं 'तीर्थ' तिच्या तळहातांना चोळलं, काहीबाही पुटपुटला आणि लोट्यातल्या पाण्याने तिचे हात धुतले. पाणी पिवळं!

"मला कावीळ नाही. मी डॉक्टर आहे, कालच रक्त तपासलंय."

"लपलेली होती! मशीनला काय कळतंय?" बाबा गडगडला. लोकांनी माना डोलावल्या.

सुमेधाने वाटी ओढली, प्रसादाचं रिकामं ताट घेतलं, त्याला 'तीर्थ' फासलं आणि वरून लोटा ओतला. ताटातून पिवळे ओघळ निघाले.

"आता ताटालाही कावीळ झाली का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"वाटीत हा आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस आणि लोट्यात ही चुन्याची निवळी," ती म्हणाली. "दोन्ही एकत्र आले की पिवळं होतंच. बरेचजण पथ्याने आणि विश्रांतीने आपोआप बरे होतात, श्रेय हा घेतो. पण ही पोर अशी बरी होणार नाही!"

बाबा गाठोडं आवरायला लागला. शेवंतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मग गाडी कुठंय तुमची? उभ्या काय राहिलात?" त्या ओरडल्या.

संचिता बरेच दिवस शुद्धीत नव्हती. वॉर्डाबाहेर शेवंतीबाई येरझाऱ्या घालत, आतबाहेर सुमेधा. शेवटी पोरीने पाणी मागितलं. बाळ अशक्त जन्मलं, पण वाचलं.

पण सुमेधाला स्वस्थ बसवेना. बाबा गेला म्हणून त्याची जागा रिकामी राहत नाही. तिने केसपेपरची खिडकी दुपारीही उघडी ठेवायला लावली, चाळीत दर आठवड्याला डॉक्टर धाडला, पालिकेच्या मागे लागून गटाराचं पाणी शिरून कावीळ पसरवणारी फुटकी जलवाहिनी बदलून घेतली. पहिल्या तपासणीला लोकांना बोलावून आणायला शेवंतीबाईच दारोदार फिरल्या.

त्या दिवशी जमलेल्यांना सुमेधा एवढंच म्हणाली, "माझ्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. औषध कशाचं, तपासणी कशाची, विचारा. नीट उत्तर नाही मिळालं तर पुन्हा विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातात आपल्या माणसाचा जीव देऊ नका. मग तो बाबा असो, नाहीतर डॉक्टर."